हप्ता आपण भरून बसलो आहोत

(तेलगाव, ता. धारूर, जि. बीड येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावासाठी आपण इथे जमलो आहोत. तरी आज आम्ही बोलणार आहोत ते म्हातारपणाच्या दवाखान्याबद्दल. भावाचा प्रश्न बाजूला ठेवला असे कोणी समजू नये. शेतकऱ्याचा कुठलाही प्रश्न उकरला की खाली भावच सापडतो, आणि आजही बोलत बोलत आपण तिथेच येणार आहोत.

असे समजा की, तेलगावच्या फाट्यावर, बीड-परळी रस्त्याला, हॉटेलच्या बाकड्यावर चार म्हातारे चहा पीत बसले आहेत. चौघेही सत्तरी ओलांडलेले. एक टपाल खात्यातून निवृत्त झाला. दुसरा फौजेतून हवालदार होऊन परत आला. तिसरा साखर कारखान्यात कायम कामगार होता. चौथा आपल्यातला, सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. चौघांचे गुडघे धरलेले, चौघांना बीपी, दोघांना साखर. रोग सारखेच आहेत. दवाखाना कोणाला केवढ्याला पडतो, ते एकेकाला विचारू.

पहिले तिघे

टपालवाल्यासाठी केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे, तिला सीजीएचएस म्हणतात. तिची वर्गणी माणूस नोकरीत कुठल्या पायरीवर होता त्यावर ठरते. २०१७ पासूनचे दर असे आहेत: खालच्या पाच पायऱ्यांना महिना २५० रुपये, सहावीला ४५०, सात ते अकराला ६५० आणि बारावीपासून वर १,०००. निवृत्ताने दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की जन्मभराचे कार्ड मिळते. म्हणजे खालच्याला ३० हजार, वरच्याला १ लाख २० हजार. ही योजना शहरातली. जो निवृत्त तेलगावसारख्या गावात राहतो, त्याला रोजच्या औषधपाण्यासाठी महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. हा दरही २०१७ चा. निवृत्तिवेतन वेगळे, हा भत्ता वेगळा.

हवालदारासाठी माजी सैनिकांची योजना आहे, ईसीएचएस. ती १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. तिथे वर्गणी एकदाच, निवृत्त होताना, हुद्द्याप्रमाणे भरायची. डिसेंबर २०१७ च्या दराने हवालदारापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार, अधिकाऱ्याला १ लाख २० हजार. १९९६ च्या आधी जे निवृत्त झाले त्यांना वर्गणी माफ. आपला हवालदार १९९५ ला घरी आला असेल, तर त्याचा हप्ता शून्य. त्याने देशासाठी छातीचा कोट केला. त्याला हे मिळते याचा आपल्याला आनंदच आहे.

तिसरा कारखान्याचा कामगार. त्याला १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू. तिचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. आता जरा थांबून हिशेब करा. टपालवाल्याचा नुसता औषधाचा भत्ता १,००० रुपये आणि कारखान्याच्या कामगाराचे किमान निवृत्तिवेतनच १,००० रुपये! एकाच्या गोळ्यांची रक्कम ती दुसऱ्याची भाकरी. म्हणून तर या योजनेतले निवृत्त देशभर साडेसात हजार रुपये, महागाई भत्ता आणि मोफत औषधोपचार मागत आहेत.

कामगारासाठी राज्य विमा योजना आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. ईएसआय म्हणतात ती. पाच वर्षे विम्यात राहून जो निवृत्त झाला, त्याने महिना १० रुपये प्रमाणे वर्षाचे १२० रुपये भरले की त्याला आणि बायकोला उपचार मिळतात.  पण या १९४८ च्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले होते. हंगामी म्हणजे कोणते? कापसाची सरकी काढणारे जिन, गाठी बांधणारे प्रेस, साखर आणि गूळ करणारे कारखाने. म्हणजे शेतकऱ्याच्या मालावर चालणारेच नेमके. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला आहे. कापूस पिकवणारा बाहेर, त्याची सरकी काढणाराही बाहेर. त्याच कापसाची पुढे सूतगिरणी झाली, की कामगार आत!

लहानाला जड, मोठ्याला हलके

वर्गणी पगाराप्रमाणे ठरते म्हटल्यावर ऐकायला न्यायाचे वाटते. पण आकडे मांडले की वेगळे दिसते. केंद्राचे किमान निवृत्तिवेतन महागाई भत्ता सोडून महिना ९,००० रुपये. त्यातून २५० गेले म्हणजे शेकडा पावणेतीन. ज्याचे निवृत्तिवेतन १ लाख २५ हजार आहे, त्याचे १,००० जातात, म्हणजे शेकडा एकही नाही. लहानाला जड, मोठ्याला हलके. शिवाय मोठ्याला स्वतंत्र खोली आणि लहानाला सामायिक वॉर्ड. तरीही एक गोष्ट खरी. लहान असो की मोठा, आपला हप्ता किती, तो कधी संपणार आणि बदल्यात काय मिळणार हे त्याला ठाऊक असते.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने पासष्टीपुढच्या लोकांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आला. त्यातल्या डॉक्टरी उपचाराच्या भागाचा हप्ता २०२५ साली साधारण निवृत्ताला महिना १८५ डॉलर होता. एकट्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न १ लाख ६ हजार डॉलरच्या वर गेले की हप्ता चढत जायचा, पार ६२८ डॉलर ९० सेंटपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहतात. मधल्या काळात नोकरी सुटून उत्पन्न घटले असेल तर अर्ज करून हप्ता कमी करून घेता येतो. आमच्या मनात हा अर्ज राहिला. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या साली मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे उत्पन्न किती घटले, हे विचारणारे टेबल कुठल्या कचेरीत होते?

चौथ्याचा हप्ता

आता आपल्या चौथ्या म्हाताऱ्याकडे येऊ. पहिला प्रश्न असा की हा निवृत्त कधी झाला? शेतकरी निवृत्त होत नाही. बैल म्हातारा झाला की दावणीला बसतो. शेतकरी म्हातारा झाला तरी कापूस वेचायला आणि ज्वारीवरची पाखरे राखायला जातो. त्याला शेवटचा पगार नाही, म्हणून पायरी नाही. पायरी नाही म्हणून वर्गणीचा तक्ता नाही.

श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये आहेत, पण त्याला वय ६५ आणि वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. म्हणजे नुसती विक्रीच उत्पन्न धरली, तर तीन क्विंटल कापूस विकला की म्हातारा श्रीमंत ठरतो आणि श्रावणबाळ त्याला सोडून जातो!

राहिला दवाखाना. तिथे आपल्या म्हाताऱ्याला दोन दारे उघडली आहेत. पहिले महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत आली, नोव्हेंबर २०१३ ला साऱ्या राज्यात गेली आणि २०१७ ला तिचे नाव बदलले. मराठवाडा-विदर्भाच्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले होते. त्यात आपला बीड होता. एवढ्या आत्महत्या झाल्यावर हे दार उघडले, हेही लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांचे संरक्षण झाले. दुसरे दार आयुष्मान वय वंदना कार्डाचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, ५ लाखांपर्यंतचे उपचार. नवरा-बायको दोघे सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालते.

दोन्हीकडे हप्ता शून्य.

इथेच आपले काही कार्यकर्ते अडतात, आणि त्यांचे अडणे आम्हाला मोलाचे वाटते. ते म्हणतात, आपण सूट-सबसिडीला नाही म्हणणारी माणसे. भीक नको, घामाचे दाम द्या, असे गावोगाव सांगत हिंडलो. मग हे फुकटचे कार्ड कुठल्या तोंडाने घ्यायचे?

भावांनो, फुकट काय आहे? हिशेब काढा. ज्यांनी कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस पाहिले, त्यांना आठवेल. १९७२ साली ती योजना सुरू झाली. पुढे चुकाऱ्यातून शेकडा तीन रुपये भांडवल निधी म्हणून कापायचे. महाराष्ट्राचा शेतकरी कापूस राज्याबाहेर न्यायला गेला की चोर ठरायचा. ५ मार्च २०१२ ला केंद्राने कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, बोंड फुटायच्या तोंडावर, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे आपली वेचणी निम्मी होईपर्यंत. ही सगळी कपातच होती, फक्त तिची पावती कोणी दिली नाही.

ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संस्था यांनी २०१८ साली याचा हिशेब मांडला. खत-वीज-पाण्यावरची सबसिडी जमेला धरूनही २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. शंभर रुपयांच्या उत्पन्नामागे चौदा रुपये आपल्या खिशातून दुसऱ्याच्या ताटात गेले. टपालवाला शेकडा पावणेतीन भरतो. सचिव शेकडा एक भरतो. शेतकऱ्याने शेकडा चौदा भरले, तेही वर्षानुवर्षे, आणि तेही दुष्काळाच्या सालात सुटका न होता. कारण भावातून कापलेला हप्ता कमी करा असा अर्ज देताच येत नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. कार्ड घ्या, मान वर करून घ्या. ही भीक नव्हे. हप्ता आपण आधीच भरून बसलो आहोत. आता त्याचा दावा दाखल करायचा आहे.

शून्य हप्त्याची किंमत

पण दावा दाखल करताना डोळे उघडे ठेवा. हप्ता शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे.

पहिली गोष्ट, कार्ड चालते ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. हृदय, कर्करोग, मूत्रपिंड, मोठी शस्त्रक्रिया यांना ते मोठा आधार आहे. आपल्या म्हाताऱ्याची रोजची बीपीची गोळी, साखरेची गोळी, महिन्याची तपासणी मात्र त्यात नाही. हवालदाराला आणि टपालवाल्याला हीच रोजची गोळी किंवा तिचे पैसे मिळतात. खरी तफावत इथे आहे. मोठे आजारपण एकदा येते, गोळी दररोज लागते. पैसे नाहीत म्हणून म्हातारा गोळी एक दिवसाआड घेतो, कोणाला सांगत नाही, आणि एक दिवस अर्धांगवायूने पडतो. मग पाच लाखांचे कार्ड घेऊन आपण धावतो. दोन रुपयांच्या गोळीपाशी हा माणूस वाचला असता.

दुसरी गोष्ट, वय. वय वंदनाचे वय आधार कार्डावरून धरतात. आपल्या पिढीच्या जन्मतारखा कोणी ठरवल्या? शाळेत गेला त्याला मास्तरांनी एक जून लावला. शाळेत गेला नाही त्याला आधारच्या यंत्रापुढे बसलेल्या पोराने तोंडाकडे पाहून साल टाकले, तारीख एक जानेवारी. मोठ्या दुष्काळात, १९७२ ला, जो खडी फोडायला होता आणि ज्याच्या पदरी दोन लेकरे होती, तो आज आधारावर ६७ वर्षांचा निघतो! दुरुस्तीला गेले की जन्माचा कागद मागतात. श्रावणबाळला शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखला चालतो. मग वय वंदनाला का चालू नये?

तिसरी गोष्ट, कार्ड सगळ्या दवाखान्यांत चालत नाही, योजनेतल्याच चालते. रात्री छातीत कळ आली की माणूस जवळच्या दवाखान्यात शिरतो. तिथे आधी अनामत रक्कम, मग सही, मग नाडी. आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी हेच झाले. खिशात कार्ड होते, दवाखाना योजनेत नव्हता. तीन दिवसांनी दुसरीकडे हलवले, तोवर बैलजोडी गेली होती. त्या बैलजोडीची किंमत हाच त्या कुटुंबाचा हप्ता.

खासगी विमा घ्यावा का, असेही विचारतात. एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी विमा ठेवावा असा नियम झाला. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने सांगितले की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विचारावे लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. हे सगळे चांगले झाले. पण वयाबरोबर चढणारा हप्ता दरवर्षी रोख भरायचा, आणि एका साली पाऊस गेला की विमा तुटणार. कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न आभाळावर आणि हप्ता तारखेवर, हे गणित बसत नाही.

गावी गेल्यावर काय करायचे

टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. एवढी कामे करा.

एक, गावातल्या सत्तरीपुढच्या बाया-माणसांची यादी या आठवड्यात करा. ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात बसवून सर्वांची वय वंदना कार्डे काढून घ्या. आजारी पडल्यावर काढू म्हणू नका. दवाखान्याच्या दारात अंगठ्याचा ठसा उमटत नाही. कापूस वेचून रेषा झिजलेल्या बोटांचा तर नाहीच. ठसा येत नसेल तर डोळ्याची किंवा चेहऱ्याची ओळख घ्यायला लावा.

दोन, शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का पाहा. सत्तरीच्या आतली म्हातारी फुले योजनेत शिधापत्रिकेवरच जाणार आहे. सुनेचे नाव अजून माहेरच्या पत्रिकेवर असेल तर तेही आताच आणून घ्या.

तीन, आपल्या भागातले योजनेतले दवाखाने कोणते, ते एका पाटीवर लिहून पारावर लावा. फुले योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५, हेही खाली लिहा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. मंजूर उपचाराला तिथे पैसे मागितले तर देऊ नका, आणि द्यावेच लागले तर पावतीशिवाय देऊ नका. पावती असली तर तक्रार करता येते.

चार, रोजच्या गोळीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रावर हक्क सांगा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पैसेही नाहीत. गोळ्या संपल्या म्हणून परत पाठवले, तर दहा म्हाताऱ्यांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि मेळाव्यापुढे आम्ही तीन मागण्या ठेवत आहोत. सत्तरीपुढच्यांच्या बीपी-साखरेच्या औषधांचा वय वंदनात समावेश करा, नाहीतर टपालवाल्यासारखा औषधाचा भत्ता द्या. वयासाठी वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला धरा. हंगामी कारखान्यातल्या कामगाराला राज्य विम्यात घ्या. तोही आपलाच भाऊ आहे, हंगाम संपला की आपल्याच बांधावर येणारा.

चौथी मागणी जुनीच आहे. २०२५-२६ च्या हमीभावाने सुमारे दहा क्विंटल कापूस म्हणजे ७८ हजार रुपये, म्हणजे केंद्राच्या मधल्या पायरीच्या निवृत्ताची जन्मभराची वर्गणी. ज्या दिवशी आपला माल बंदीशिवाय, कपातीशिवाय, खऱ्या भावाने विकला जाईल, त्या दिवशी आपला म्हातारा ती वर्गणी स्वतःच्या खिशातून भरील आणि कोणाच्या योजनेच्या नावाची पाटी वाचायची त्याला गरज राहणार नाही. तो दिवस येईपर्यंत कार्ड खिशात ठेवा, आणि कापसाच्या भावाची लढाई सोडू नका.

फाट्यावर त्या चौघांना एकाच किटलीतला चहा मिळतो. दवाखान्याच्या दारातही त्यांची रांग एकच असावी, एवढेच आपले म्हणणे आहे.